साडेतीन मिनिटांत मावेना झालेलं गाणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या माळ्यावर शंभरेक जुन्या रेकॉर्ड सापडल्या, बहुतेक साठच्या दशकातल्या. कॉलेजात त्याच दशकातल्या लोकप्रिय संगीतातल्या टप्प्यांवर लिहायचंय. कुठंही शोधलं तरी बीटल्स या इंग्रजी बँडपासून अमेरिकेतल्या वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवापर्यंतची तीच यादी मिळते. मग आपल्याकडं, त्यातही सोलापुरात, तेव्हा काय चाललं होतं? आणि या ढिगातलं आधी काय ऐकू?

मी रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणारा माणूस. १९६७ साली, पंधराव्या वर्षी, नव्या पेठेतल्या मामांच्या दुकानात स्टुलावर बसलो, तो अजून पुरता उठलेलो नाही. मी गायक नाही, समीक्षकही नाही. त्यामुळं कुठलं गाणं थोर हे मला विचारू नका. पण गाणं ज्याच्यावर कोरलं जातं ती वस्तू मी हजारो वेळा हातात घेतलीय, आणि त्या दशकात काय बदललं ते तिच्यावर सरळ दिसतं. मला विचाराल तर सगळी गोष्ट एका आकड्याची आहे : साडेतीन मिनिटं.

आधी ढीग वेगळा करा. हाताला जड, टिचकी मारली तर कौलासारख्या वाजणाऱ्या, पडल्या की फुटणाऱ्या त्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. दहा इंची, एका बाजूला एकच गाणं. सात इंची, हलक्या, त्या ४५ फेऱ्यांच्या. दोन्ही बाजूंना दोन-दोन गाणी असली की ईपी. आणि बारा इंची ती ३३ फेऱ्यांची एलपी, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं चालणारी. लाखेच्या रेकॉर्डची चर एवढी रुंद की ती साडेतीन मिनिटांतच मधल्या लेबलपर्यंत पोचते. म्हणून गाणंही तेवढंच. मुखडा, दोन किंवा तीन अंतरे, मध्ये वाद्यांचा तुकडा, संपलं. आपल्याला जो गाण्याचा ‘स्वाभाविक’ आकार वाटतो ना, तो या चरीनं ठरवलेला आहे.

जगात एलपी १९४८ साली आणि ४५ची रेकॉर्ड १९४९ साली आली. साठ साल उजाडेपर्यंत इंग्लंड-अमेरिकेत ७८ जवळपास निकालात निघाली होती. आपल्याकडं मात्र कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातून ती साठचं दशक जवळजवळ सरेपर्यंत निघत राहिली. कारण साधं होतं. खेड्यात वीज नव्हती, चावीचा फोनो होता, आणि त्याची पोलादी पिन चालायची फक्त लाखेच्या रेकॉर्डवर. एका बाजूला एक पिन, वाजली की टाकायची. मामांच्या काउंटरवर एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीच्या पिनांच्या छोट्या पत्र्याच्या डब्या असत, दोनशे पिना एका डबीत. अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळकडची माणसं बाजाराला आली की रॉकेल, मीठ आणि पिना असं एका दमात मागत.

यातून एक गंमत झाली. तुमच्या यादीतले बीटल्स भारतात ७८वर निघाले! विलायतेत पोरं ज्या गाण्यांसाठी नवे प्लेअर घेत होती, ती आपल्याकडं आजोबांच्या फोनोवर वाजवता येत होती. पार्लोफोनचं लेबल आणि क्रमांकाआधी ‘डीपीई’ अशी अक्षरं दिसली तर ती रेकॉर्ड बाजूला काढा आणि कुणाला उसनी देऊ नका. तिच्यासाठी परदेशातले शौकीन हौसेनं पैसे मोजतात. अर्थात सोलापुरातल्या माळ्यावर ती निघायची शक्यता कमीच, पण कुणाचे आजोबा रेल्वेत होते, कुणाचे मिलमध्ये साहेबांच्या हाताखाली, सांगता येत नाही.

आता आपल्याकडचं. दशकाची सुरुवात माझ्या हिशेबानं १९६०च्या दोन गाण्यांनी होते. एक, राजा बढे यांचं ‘गर्जा महाराष्ट्र माझा’, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज शाहीर साबळ्यांचा. महाराष्ट्र राज्य त्या वर्षीच्या १ मेला झालं, आणि त्यासाठी गावोगाव घसा फोडणाऱ्यांत आपल्या बार्शीचे शाहीर अमर शेख होते. शाहिरीचं गाणं मुळात मैदानातलं. समोरच्या गर्दीचा अंदाज घेत वाढणारं, तासभर चालणारं. ते रेकॉर्डवर आलं की साडेतीन मिनिटांत उरकावं लागे. साबळ्यांनी ते ज्या ताकदीनं उरकलंय त्याला तोड नाही.

दुसरं ‘एक धागा सुखाचा, शंभर धागे दुःखाचे’. ‘जगाच्या पाठीवर’ या चित्रपटातलं. शब्द गदिमांचे, चाल आणि आवाज सुधीर फडक्यांचा. सोलापूर हे मागाचं गाव. या गाण्याचं इथं काय झालं असेल ते सांगायला समीक्षक कशाला? पूर्व भागात घराघरात माग. दिवसभर धोट्याची खटखट. त्या आवाजात गाणं ऐकूच येत नसे. माझ्या आठवणीत साखर पेठेतले एक विणकर आहेत. मराठी जेमतेम बोलणारे, घरात तेलुगू. ही रेकॉर्ड ते दुकानात वाजवून घेत आणि ‘जरतारी’ हा शब्द आला की हात वर करून थांबायला सांगत. पिन उचलायची, थोडी मागं टाकायची, पुन्हा तोच शब्द. त्यांच्यापायी त्या रेकॉर्डची तेवढी जागा पांढरी पडली होती. मामा चिडायचे. गिऱ्हाईक जुनं, बोलायचे मात्र नाहीत.

सोलापूर हे एका भाषेचं गाव कधीच नव्हतं, हे तुमच्या लेखात जरूर लिहा. मराठी गाण्याचा दौर सांगताना लोक पुण्या-मुंबईचाच सांगतात. आमच्या काउंटरवर फडक्यांच्या शेजारी घंटसालांच्या तेलुगू रेकॉर्ड असत आणि त्याच्याही शेजारी कन्नड. कन्नड नट राजकुमारसाठी त्या काळात पी. बी. श्रीनिवास गात, आणि ते नाव इथल्या कानडी बोलणाऱ्या घरांत रफीइतकंच चालायचं. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर तीन कर्णे तीन भाषांत एकदम ओरडत. आजही जत्रेत शिरलं की माझ्या कानात ते तिन्ही एकदमच वाजतात, वेगळे करता येत नाहीत.

बहुतेकांच्या घरी मात्र रेकॉर्ड नव्हती, रेडिओ होता. त्यात एक मराठी माणूस फार महत्त्वाचा. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, १९५२ ते १९६२ केंद्रातले नभोवाणी मंत्री. चित्रपटगीतं हलकी आहेत असं त्यांचं मत, म्हणून आकाशवाणीवरून ती जवळपास हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. ३ डिसेंबर १९५२ पासून अमीन सायानींची बिनाका गीतमाला, चित्रपटगीतांना क्रमांक लावणारा कार्यक्रम, तिथं सुरू झाली. आकाशवाणीला १९५७ साली विविध भारती काढावी लागली ती याच धक्क्यानं, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. म्हणजे दहा-पंधरा वर्षांपूर्वी सरकारला नको असलेलं गाणं आता सरकारला पैसे मिळवून देऊ लागलं. साठच्या दशकातला आपल्याकडचा सगळ्यात मोठा उलटफेर मी यालाच म्हणेन.

शॉर्टवेव्हवर सिलोन धरणं ही कला होती. बुधवारी संध्याकाळी आठच्या आधी दुकानात रांग लागायची. ‘रेडिओ खरखरतोय, तेवढं बघा.’ निम्म्या वेळा रेडिओत काहीच बिघडलेलं नसे, एरियलची तार तुटलेली किंवा शेजाऱ्याच्या पत्र्याला टेकलेली असे. मी मामांच्या सांगण्यावरून छपरावर चढून तांब्याची तार ताणून द्यायचो. खालून घरातली सगळी ओरडायची, ‘आलं, आलं! आता हलवू नको!’ आणि मी तार हातात धरून तसाच पालथा, गाणं संपेपर्यंत.

मग ट्रान्झिस्टर आला. व्हॉल्व्हचा रेडिओ म्हणजे देव्हाऱ्यासारखं फळीवर बसवलेलं खोकं, त्यावर क्रोशाचा रुमाल. ऐकायचं तर सगळ्यांनी मिळून, वडिलांच्या मर्जीनं. ट्रान्झिस्टर सेलवर चाले आणि खुंटीला टांगता येई. जुन्या गिरणीचा भोंगा झाला की पाळीवरून परतणाऱ्यांच्या सायकलच्या हँडलला तो दिसू लागला. गाणं पहिल्यांदा एकट्याचं झालं. तरुणांचं म्हणून वेगळं संगीत निघालं असं जे अमेरिकेबद्दल लिहितात, त्याच्या मुळाशी तिथंही हाच ट्रान्झिस्टर होता.

आता पुन्हा त्या साडेतीन मिनिटांकडं. दशकाच्या सुरुवातीलाच ती अपुरी पडायला लागली होती. १९६०च्या ‘बरसात की रात’मधली रोशन यांची मोठी कव्वाली बारा मिनिटांच्या आसपासची. लाखेच्या एका बाजूत ती बसणं शक्यच नव्हतं. अशा चिजांचे भाग पाडत, ‘भाग पहिला’, ‘भाग दुसरा’, आणि ऐन रंगात आलं की उठून रेकॉर्ड उलटायची. १९६५ साली अमेरिकेत बॉब डिलनच्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’चं अगदी हेच झालं. गाणं सहा मिनिटांहून मोठं. रेडिओवाल्यांना पाठवलेल्या प्रतीत ते दोन बाजूंना अर्धं-अर्धं तोडलेलं होतं. लोकांनी पुरतं गाणं लावा म्हणून धरलं आणि ते अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या नंबरावर गेलं. तीन वर्षांनी बीटल्सचं ‘हे ज्यूड’ सात मिनिटांच्या वर गेलं आणि तरी पहिलं आलं. तिथं मर्यादा मोडली ती अशी, दुकानात आणि रेडिओवर.

एलपीनं याहून मोठं काम केलं. बीटल्सच्या पहिल्या एलपीतली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात रेकॉर्ड झाली. स्टेजवर गात तशीच. १९६७च्या ‘सार्जंट पेपर’ला सुमारे ७०० तास लागले असं सांगतात, आणि तेही चार ट्रॅकच्या टेपवर. एका पट्टीवर ढोल, दुसरीवर आवाज, भरलं की सगळं एका पट्टीवर उतरवायचं आणि मोकळ्या पट्ट्यांवर पुढचं. म्हणजे स्टुडिओतली टेप हेच वाद्य झालं. तेच गाणं त्यांना स्टेजवर वाजवता आलं नसतं.

मुंबईत त्याच वर्षी काय चालू होतं? साठ-सत्तर वादक एका हॉलमध्ये, समोर गायक, आणि सगळं एकदम. शंकर-जयकिशनच्या गाण्यात व्हायोलिनचे थरच्या थर ऐकू येतात. ते सेबॅस्टियन डिसूझांनी कागदावर मांडलेले, आणि वाजवणाऱ्यांत गोव्याकडची माणसं बरीच. शेवटच्या ओळीत एकाचा गज चुकला तर सगळं पहिल्यापासून. लोक याला मागासलेपण म्हणतात. मला पटत नाही. पिनेखाली ऐका, त्या गाण्यांत एक धास्ती आहे, सगळ्यांनी श्वास धरलाय अशी. पट्ट्यांवर पट्ट्या चढवून ती येत नाही.

त्यातल्या एका गाण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण ते अजून आपल्या गल्लीत वाजतं. १९६६, ‘सूरज’, रफींचं ‘बहारों फूल बरसाओ’. त्या वर्षी गीतमालेत पहिलं आलं. पण त्याचं खरं आयुष्य वरातीत आहे. आमच्याकडच्या बँडवाल्यांनी ते उचललं ते आजवर खाली ठेवलेलं नाही. एका क्लॅरिनेटवाल्यानं मला कारण सांगितलं होतं : चाल पायाला सोपी, मुखडा लांबून ओळखू येतो, आणि नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत कितीही वेळा फिरवता येतो. टप्पा म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

आता ज्या माणसामुळं मला हे सगळं एका धाग्यात ओवलेलं दिसतं त्याच्याबद्दल. ग. ना. जोशी. मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले. ‘रानारानात गेली बाई शीळ’ हे ना. घ. देशपांडे यांचं गीत त्यांनीच लाखेच्या रेकॉर्डवर गायलं. ते पुढं एचएमव्हीत गेले आणि १९६७ साली त्यांच्याच हाताखाली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही एलपी निघाली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्याला माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातला एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहीरभैरवापासून शेवटी पहाडीपर्यंत. एलपीच्या दोन बाजू म्हणजे एक दिवस, ही कल्पना. सुटी गाणी गोळा करून भरलेली ती एलपी नव्हती. ज्यानं तरुणपणी तीन मिनिटांत रान उभं केलं, त्यानंच पुढं चाळीस मिनिटांचं खोरं उभं केलं. तुमच्या ढिगात ती असली तर सगळ्यात आधी तीच लावा.

पुढच्याच जानेवारीत, १९६८ साली, बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आला. ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत त्यानं आपल्या वादकांकडून तिथं वाजवून घेतलं. त्यासाठी स्टीरिओ टेप मशीन कलकत्त्याहून आणावं लागलं होतं. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ची वाद्यं रेकॉर्ड झाली, आणि ते बीटल्सच्या एका ४५च्या मागच्या बाजूला निघालं. बीटल्स ध्यान शिकायला हृषीकेशला गेले त्या फोटोंपेक्षा हे मला जास्त मोलाचं वाटतं. फोटोत ते शिकायला आलेले दिसतात, इथं आमचे वादक कामावर दिसतात.

मराठीत नाट्यसंगीताचं उलट झालं, तेही लिहा. जुन्या संगीत नाटकांत एक पद अर्धा तास चालायचं, वन्समोअर वेगळे. जितेंद्र अभिषेकींनी ‘मत्स्यगंधा’ (१९६४), ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६), ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) यांतली पदं आटोपशीर बांधली. शब्द कळावा, नाटक थांबू नये. साहजिकच ती ईपीवर चपखल बसली आणि ज्यांनी नाटक कधी पाहिलं नाही अशा घरांतही पोचली. म्हणजे एकीकडं गाणं लांबत होतं, दुसरीकडं आखडत होतं, आणि दोन्हीकडं ते रेकॉर्डच्या मापाशीच झटत होतं.

भावगीतात १९६२चं ‘शुक्रतारा मंद वारा’ घ्या : पाडगांवकर, खळे, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. ते आकाशवाणीच्या मायक्रोफोनसाठी घडवलेलं गाणं आहे. कुजबुजल्यासारखा आवाज, जो कर्ण्यावर लावला तर मरतो. माझ्यासमोर एकानं लग्नात लावला होता, काहीच कळलं नाही. आणि चित्रपटात १९६५चं ‘साधी माणसं’. संगीतकार म्हणून नाव ‘आनंदघन’, म्हणजे खुद्द लता मंगेशकर. ‘ऐरणीच्या देवा तुला’ ऐकताना हातोड्याचा ठोका कसा तालात घेतलाय त्याकडं लक्ष द्या. कष्टाच्या आवाजातून ताल काढणं काय असतं ते मागाच्या गावातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

लताबाईंचं नाव आलंच तर आणखी एक. गायकाला रेकॉर्डच्या विक्रीवर रॉयल्टी मिळावी असं त्यांचं म्हणणं, आणि मानधन घेतलं की विषय संपला असं रफीसाहेबांचं. त्यावरून त्या दशकात काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. रेकॉर्ड म्हणजे नुसती आठवण राहिली नव्हती, वर्षानुवर्षं पैसा देणारा माल झाली होती. भांडण त्याचं होतं.

वुडस्टॉकबद्दल तुम्हाला सगळीकडं मिळेल, मी लिहीत नाही; रविशंकर तिथं पावसात वाजवून आले एवढं पुरे. फिलिप्सची कॅसेट १९६३ साली आली खरी, पण आपल्या घरात शिरायला तिला आणखी पंधराएक वर्षं लागली. आणि १९६९च्या ‘आराधना’नं किशोरकुमारचा जमाना सुरू झाला, तो पुढच्या दशकाचा विषय.

आता ढिगाचं. लाखेच्या रेकॉर्डला एलपीची सुई लावू नका. ती रुंद चरीच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर देते. ७८साठी जाड टोकाची वेगळी सुई मिळते. उलट, पोलादी पिन एलपीवर एकदा फिरली की ती एलपी संपली. साठच्या दशकातल्या आपल्या बहुतेक रेकॉर्ड मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज देणाऱ्या, आहेत, तेव्हा संगणकावर उतरवताना मोनोच ठेवा. नंतर कुणीतरी त्यांवर खोटा स्टीरिओ आणि ढोलकीचा ठोका चढवून विकलेल्या प्रती मिळतात, त्या ऐकून त्या काळाबद्दल मत बनवू नका.

आणि स्पिरिट लावू नका. हे मी कळकळीनं सांगतोय. १९६८ साली मामा बाहेर गेलेले असताना मी एका गिऱ्हाइकाची घंटसालांची ७८ स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. एलपी पुसतात तशी, चकचकीत होईल म्हणून. कापड काळं झालं. मला वाटलं घाण निघाली. आणखी पुसलं. सुतार लोक चपडा स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतात हे मला ठाऊक होतं, पण रेकॉर्डही त्याच लाखेची आहे हे डोक्यातच आलं नाही. लावून पाहिली तर पाऊस पडल्यासारखा आवाज आणि त्याच्या मागं कुठंतरी माणूस. ती हैदराबादहून पुन्हा मागवायला दोन महिने लागले, पैसे माझ्या पगारातून गेले.

साध्या पाण्यात साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, चरीच्या दिशेनं गोल, लेबल कोरडं ठेवून. सावलीत वाळवा. माग असलेल्या घरातला ढीग असेल तर चरीत कापसाचा तूस बसलेला असतो, तो आधी मऊ ब्रशनं काढा. रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. आणि माळ्यावरून मार्च संपायच्या आत खाली आणा. पत्र्याखालच्या माळ्यावर आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये एलपीची पापडासारखी वाटी होते. लाखेचीही उष्णतेनं वाकते, आणि हात चुकला की तुकडा पडतो.